बैल ट्रकनं गेले ते वर्ष

शर्यत मारली तर पायगोंडा पाटलाला ढाल मिळणार होती, छकडा हाकणाऱ्या त्याच्या पुतण्याला, सुकुमारला, मिशीला पीळ भरत गावभर फिरायला मिळणार होतं, बिजल्या-कवड्या या त्याच्या बैलांना गुलाल मिळणार होता आणि बैलांचा गडी कृष्णात याला एक फेटा. फेट्यापायी मात्र कृष्णात एकोणीस वर्षांत कधी म्हसवडच्या शर्यतीला गेला नव्हता. तसे सहा फेटे त्याच्याकडं साठले होते आणि त्यातल्या दोनांची भावजयीनं पोरांना दुपटी शिवली होती. त्याचा फायदा निराळाच होता. तो म्हसवडला पोचायच्या आधी, रस्त्यावरच्या चार दिवसांत वसूल व्हायचा. आणि आज पाटलाच्या सोप्यात, चहाच्या कपबशा मध्ये ठेवून, नेमका तोच मोडीत काढायचं चाललं होतं.

“पायी न्ह्याचं दिवस गेलं, काका,” सुकुमार म्हणाला. “गेल्या साली आप्पासोचं बैल ट्रकनं आलं. सकाळी निघालं, दुपारी माळावर हुबं. आपलं चार दिस पाय तुडवत आलं आणि निम्म्या धावंतच जीभ काढली.”

“जीभ काढली ती तू सुटतानाच आसूड वढलास म्हनून,” कृष्णात म्हणाला. तो उंबऱ्याजवळ उभा होता. दोनदा बस म्हटलं तरी बसला नव्हता. एका पायाच्या अंगठ्यानं दुसऱ्या पायाचा घोटा खाजवत होता, मग पाय बदलून पुन्हा तेच.

“आणि रस्ता? विट्याच्या फुडं समदी खडी टाकल्याली हाय. नालाच्या पत्र्या झिजून खूर उघडं पडतंय,” सुकुमार म्हणाला.

हे मात्र खरं होतं. दुष्काळात लोकांनी पोटासाठी जी खडी फोडली, ती आता रस्त्यावर अंथरली होती. माणसांनी खाल्लेलं बैलांच्या खुरांनी फेडायचं होतं.

 पायगोंडा पाटील मेथीची जुडी घेतानासुद्धा सोडून बघणारा माणूस. त्यानं कप बशीत पालथा घातला नि विचारलं, “ट्रॉली का नको? घरचीच हाय. बुटकी हाय, चढवाय सोपी.”

“ट्रॉलीला स्प्रिंगचं पाटं कुठं असत्यात, आण्णा?” गुंडा ड्रायव्हर म्हणाला. पंधरा वर्षं मिलिट्रीत गाडी चालवून आलेला, आता भाड्यानं ट्रक फिरवणारा. “उसाच्या मोळीला चालतंय, मोळीला कंबर नसती. बैलाचं विट्यापातूर खुळखुळं हुईल. ट्रकच पायजे. मी लडाखला खेचरं न्हेल्यात ट्रकनं, बरफातनं! फिकर नॉट.”

“आणि ती खेचरं शर्यत पळली व्हय रं बरफात?” कृष्णात म्हणाला.

सोप्यात हशा पिकला. गुंडाही हसला. कृष्णात हसला नाही. “आण्णा, ट्रकात जनावर हुबं ऱ्हातंय, चालत न्हाई. पाय धरत्यात. चालत गेलं की अंग मोकळं ऱ्हातंय, गावोगावचं पाणी हळूहळू पचनी पडतंय. यकदम म्हसवडचं पाणी म्होरं ठिवलं तर बिजल्या नाक लावायचा न्हाई.”

“मग घरचं पाणी घ्या की दोन पिपं,” कपबशा उचलायला आलेली पाटलीण, राजमती, म्हणाली. “गाळूनच देते.”

अशी एकेक वाट बंद होत गेली. कृष्णाताकडं आणखी एक कारण होतं, पण ते सोप्यात मांडण्यासारखं नव्हतं. गावात तो पाटलाचा गडी होता, धाकट्या भावाच्या परड्यात खाट टाकून झोपणारा. पण बिजल्या नि कवड्या यांचे कासरे हातात घेऊन तो वेशीबाहेर पडला की माणूस बदलायचा. विट्याच्या अलीकडं हॉटेलवाला बाकड्यावरची गिऱ्हाइकं उठवून त्याला जागा द्यायचा. मायणीच्या तळ्यावर म्हातारी माणसं आपली जनावरं घेऊन यायची, “ह्येच्या वशिंडाकडं जरा बघा की” म्हणायची. अहोजाहो करायची. वर्षातले तीनशे एकसष्ट दिवस ‘अरे’ ऐकणाऱ्या माणसाला चार दिवस ‘अहो’ मिळत होतं, आणि तेवढ्यावर त्याचं वर्ष निघत होतं. आता हे पाटलाला कसं सांगायचं? आण्णा, तुमच्या बैलांच्या जिवावर मी चार दिवस पाटील होतो?

“ट्रक,” पायगोंडा म्हणाला, आणि उठला.

नावडतं काम वाईट करावं, एवढीही अक्कल कृष्णाताला नव्हती. त्यानंच मळ्यातल्या विहिरीच्या मातीचा ढीग दाखवला, त्याला ट्रकचं तोंड फिरवून पाठ लावायला सांगितली. ढिगाची उंची नि ट्रकच्या तळाची उंची बोटभर चुकली नाही. तळाला वाळू पसरली, वर पाचट. बैल केबिनकडं तोंड करून बांधले, बाजूंना भुशाची पोती कोंबली म्हणजे वळणावर फळीला अंग घासू नये. टपावर छकडा आवळला. ढिगावरून बैल असे आत गेले होते की जणू गोठ्यातच चालले.

“बघा, पाच मिनटं!” गुंडा म्हणाला. “उगंच भ्या घालत हुता मामा.”

पायगोंडा आणि सुकुमार गुंडाजवळ पुढं बसले. कृष्णात मागं, दोन बैलांच्या मध्ये. बसायला पोतं होतं, पण तो उभाच राहिला. विटा कधी आलं नि कधी गेलं कळलं नाही. हॉटेलचं बाकडं डोळ्यांपुढून असं गेलं की त्यावर कोण बसलंय तेही दिसलं नाही. ज्या वाटेवरचा प्रत्येक चढ त्याच्या पिंढऱ्यांना ठाऊक होता, ती वाट त्याच्या पायाखालून कुणी तरी सतरंजीसारखी ओढून घेत होतं. पाय नुसतेच थरथरत होते. चालायचं होतं त्यांना.

मायणी मागं पडली आणि बनुबाईची वस्ती आली. बनुबाई ही एकटी राहणारी विधवा. तिच्या परड्यात बैलांचा शेवटचा मुक्काम असायचा. ती रस्त्याच्या कडेला उभी होती, कपाळावर हात धरून. तिथीच्या हिशेबानं बैल काल संध्याकाळीच यायचे होते. ट्रक जवळ आला तशी ती पदर तोंडाला लावून धुळीसाठी मागं सरली आणि ट्रकच्या मागचा रस्ता बघू लागली.

“बनुबाई! आवं, हितं!” कृष्णात फळीवर थापा मारत ओरडला. “हितं हावं आमी!”

तिनं वर बघितलंच नाही. बैल ट्रकात असतील हे तिच्या मनात यायचं काही कारण नव्हतं.

दुपार कलायच्या आत ट्रक शर्यतीच्या माळावर लागला. शर्यत उद्या सकाळी होती. पोरंसोरं धावत आली, पाच-पन्नास माणसं जमली. गुंडा खाली उतरला, मागं गेला, फाळक्याची कडी काढायला हात घातला आणि थांबला. त्यानं माळाकडं बघितलं. पायगोंडानं बघितलं. सुकुमारनं बघितलं.

माळ तव्यासारखा सपाट होता.

चढवायची काळजी तिघांनी चार दिवस केली होती. उतरवायची कुणालाच आठवली नव्हती. उसाच्या मुलखातल्या माणसाला बांध, पाट, ढीग यांच्याशिवाय जमीन असते हेच मुळी सुचत नाही.

“आप्पासोनं कसं उतरवलं गेल्या साली?” पायगोंडानं विचारलं.

“फळी आणली हुती त्येंनी,” गर्दीतलं कुणीतरी म्हणालं. “जाड, खिळं मारल्याली. तुमी काय बैलास्नी शिडी लावताय?”

माळभर हसू फुटलं. पायगोंडाच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. गुंडा म्हणाला खड्डा काढून मागची चाकं खाली घालू. दोन पहारी मारल्या, खालून पाषाण वाजला. कुणी म्हणालं पोती रचा. पोती रचली, ती गुंडाच्या पायाखालीच सरकली.

“उडी मारत्याल की,” सुकुमार चिडून म्हणाला. “चार फूट तर हाय! बैल हायत का शेळ्या?” आणि त्यानं फाळका पाडला.

कृष्णात वर बैलांपाशी होता. इथून दोन कोस मागं ओढ्याला एक दरड होती. दर वर्षी तिथं तो बैलांना पाण्यावर घालायचा. रस्त्याच्या कामाला मुरूम नेऊन नेऊन ती सरळ कापली गेली होती, छातीएवढी. ट्रक ओढ्यात उतरवून पाठ दरडीला लावली तर बैल नुसते पाऊल टाकून बाहेर आले असते. हे त्याला ट्रक थांबला तेव्हाच आठवलं होतं. आणि आठवल्यापासून तो गप्प होता.

तुम्ही-आम्हीसुद्धा गप्प बसलो असतो. सरळ व्यवहार होता. आज ट्रकची फजिती झाली की पायगोंडा पाटील जन्मात ट्रकचं नाव काढणार नाही. पुढच्या साली पुन्हा कासरा, पुन्हा वाट, पुन्हा ते चार दिवस. त्यासाठी काही करायचं नव्हतं, फक्त तोंड उघडायचं नव्हतं. बैलांनी उडी मारलीही असती. एखादे वेळी काही झालंही नसतं.

सुकुमारनं बिजल्याला वळवून कडेला आणलं. बिजल्यानं खाली बघितलं. पुढचा एक खूर कडेबाहेर काढला, हवेत चाचपला, परत आत घेतला. सगळं अंग शहारलं त्याचं. मग त्यानं मान वळवून कृष्णाताकडं बघितलं.

“सोड त्येला!” कृष्णात एवढ्या जोरानं ओरडला की हसणारी गर्दी चूप झाली. “फाळका लाव, गुंडा. गाडी माघारी फिरीव. दोन कोसावर वड्याची दरड हाय.”

“मग मगाधरनं का बोलला न्हाईस रं?” पायगोंडा म्हणाला.

 कृष्णात बिजल्याच्या पुढच्या पायावरून हात फिरवत होता, वरून खाली, वरून खाली.

दरडीवर बैल पाऊल टाकून उतरले. तिथून माळापर्यंतचे दोन कोस कृष्णातानं त्यांना चालवत आणलं, आणि त्या चालीनं त्यांचे धरलेले पाय मोकळे झाले. राजमतीनं गाळून दिलेलं पाणी ते प्यायले. दुसऱ्या दिवशी सकाळी सुकुमारनं आसूड आवरून धरला, निदान अर्ध्या धावेपर्यंत, आणि बिजल्या-कवड्यानं आप्पासोच्या जोडीला दोन छकड्यांएवढं मागं टाकून निशाण गाठलं. गुलालात बैल ओळखू येईनात.

“ट्रकनं काम केलं!” सुकुमार सगळ्यांना सांगत होता. “बैल ताजं राहिलं. चार दिस तुडवलं असतं तर?”

“नानासो सुताराला आठ फुटी फळी सांगतो,” पायगोंडा म्हणाला. तो फार खुशीत होता, ढाल काखेत धरून उभा होता. “आडव्या पट्ट्या मारून. म्हंजे दरड हुडकाय नको. न्हाई का रं, कृष्णाता?”

“व्हय, आण्णा.”

“कासरा धराय गुंडाचा क्लीनरबी बास हाय. तूबी आता पन्नाशीला आलास. कशाला वणवण करायची?” हे तो मायेनंच बोलला. त्यामुळं त्यावर काही बोलताही येत नव्हतं.

परतताना बैल पुन्हा दरडीवरून चढवले. मागं बैलांच्या भोवती गावची माणसं, हलगीवाले, पाहुणे असे कोंबून बसले की पाय ठेवायला जागा उरली नाही. गुंडा म्हणाला, “मामा, टपावर चढा.”

“तुमी व्हा म्होरं. मी येतो चालत.”

“खुळा का काय? चार दिस लागतील!” पायगोंडा म्हणाला.

“बैल न्हाईत संगं. तीन दिसात यीन.”

ट्रक गेला. हलगीचा आवाज बराच वेळ ऐकू येत राहिला. कृष्णात चालू लागला. चालायला मिळालं तरी पाय शांत होईनात. हात रिकामे होते, त्यांचं काय करावं कळत नव्हतं. समोरून येणारी माणसं ओळख न दाखवता पुढं जात होती. बैलांमागून चालणाऱ्या माणसाचं तोंड बैलांशिवाय कुणी पाहिलंच नव्हतं.

बनुबाई परड्यात शेण गोळा करत होती. तिनं आधी त्याच्या मागं बघितलं, मग त्याच्याकडं.

“आवं, बैल कुठं हायती? आजारलं का काय?”

“न्हाई, न्हाई. जितलं की. पयला नंबर.”

“मग?”

“ट्रकनं गेलं. येतानाबी ट्रकनंच आलं हुतं. तुमी रस्त्याला हुब्या हुता.” तो थांबला. “तेवडंच सांगाय आलो. फुडच्या साली वाट बघू नगा.”

बनुबाईनं हातातलं शेण खाली ठेवलं.  मग तिनं परड्याच्या कोपऱ्याकडं बोट केलं. तिथं कडब्याच्या तीस-चाळीस पेंढ्या पाल्यानं झाकून ठेवल्या होत्या.

“ह्येचं आता काय करू? गेल्या सुगीपास्नं राखून ठिवलाय. दुष्काळातनं उठल्याला मुलूख, इकत कुटला घ्यायचा? गाईला निम्मी पेंढी घातली, आन् निम्मी हिकडं. पावन्याचं बैल उपाशी नगत निजाय.”

दावणीला तिची गाय उभी होती. फासळ्या मोजता येत होत्या. कृष्णातानं एक पेंढी सोडली, मोडून गाईपुढं टाकली. मग दुसरी सोडली. गाय एवढ्या घाईनं खात होती की तिला श्वास घेणं जमत नव्हतं. तो तिच्यापाशी उकिडवा बसला आणि सवयीनं तिचा खूर उचलून बोटानं आतले खडे काढायला गेला. आत काही नव्हतं. ती कुठं चाललीच नव्हती.

हिशेब म्हणाल तर सोपा आहे. ढाल पाटलाच्या सोप्यात लागली. ट्रकचं भाडं पाटलानं दिलं, डिझेल गुंडानं घातलं, फळीचं लाकूड मळ्यातल्या बाभळीचं निघालं. फेटा द्यायचा त्या गडबडीत राहून गेला आणि कृष्णातानं तो मागितला नाही. त्या वर्षीच्या मुक्कामाचं सगळं मोल, जो मुक्काम झालाच नाही त्याचं, मायणीच्या पलीकडच्या एका गाईनं अर्ध्या पोटानं आधीच चुकतं केलं होतं.