पडद्यावरची केरसुणी

निपाणीत नेमिनाथअण्णांच्या घरी शिळं राहत नाही, हे पार चिकोडीपर्यंत माहीत आहे. त्यांची थोरली बहीण चंपाबाई जैनांची पिठाची मर्यादा, म्हणजे ठरल्या दिवसांपुढचं पीठ वापरायचं नाही, अशी कडक पाळतात, की गिरणीवाला त्यांचं दळण आधी करून मग इतरांना रांगेत उभं करतो. दिवस मावळायच्या आत जेवणं, आणि उरलंसुरलं लगेच गोठ्यात. त्या घरची म्हैससुद्धा ताज्याला एवढी सोकावली आहे, की एकदा शेजाऱ्यांनी पुढ्यात सकाळची भाकरी टाकली तर तिनं तोंड फिरवलं. मी स्वतः पाहिलंय. नुसतं तोंड फिरवलं नाही, डोळेही मिटून घेतले.

अशा घरात नेमिनाथअण्णांच्या लेकीनं, दीप्तीनं, कॉम्प्युटर आणला. दिवसा त्याच्यावर कंपनीचं काम, आणि काम संपलं की गाड्यांच्या शर्यतीचा गेम. स्टँडजवळच्या कॉम्प्युटरवाल्या मष्णूनं त्यात विंडोजऐवजी लिनक्स घालून दिलं. "ह्ये कुणाच्याच मालकीचं न्हाय बगा अण्णा," तो म्हणाला. "ना हिकडल्या सरकारचं, ना तिकडल्या." पडद्यावरची अक्षरं मात्र त्यानं इंग्रजीच ठेवली. मराठी ठेवली तर एक मोर्चा, कन्नड ठेवली तर दुसरा. इंग्रजीनं दोन्हीकडचे सारखेच गप्प बसतात.

पुढं दीप्तीचं लग्न बेळगावच्या टिळकवाडीतल्या श्रेयांसशी ठरलं. तोही घरून नोकरी करणारा, तोही लिनक्सवाला, तोही त्याच गेमच्या नादातला. सगळं जुळलं, अडलं फक्त एका गोष्टीवर. संसार कुठं मांडायचा? दीप्तीला निपाणी सोडायची नव्हती, त्याला टिळकवाडी. हा सीमाप्रश्न नातवंडांवर ढकलण्यापेक्षा पोरांनीच तोड काढली. गेमात शर्यत लावायची, जो जिंकेल त्याच्या गावी राहायचं. दोन्हीकडच्या थोरल्यांनी होकार दिला, आणि दोन्ही गावांत पंच म्हणून विश्वासाचा माणूस एकच निघाला. मी.

दीप्ती सरावाला बसली. एक दिवस चंपाबाईंनी खोलीत डोकावून विचारलं, "गाडी पळंना आनि तू नुसती बगत काय बसलीयास गं?"

"शेडर तयार व्हायल्यात आत्या. गेममधलं ऊन, सावली, पाणी दाखवायच्या आधी यंत्राला त्ये शिजवावं लागतंय म्हणा की. एकदा शिजलं की साठवून ठेवतंय. त्येला कॅश म्हणत्यात. मग पुढच्या खेपेला गाडी कुटं अडत न्हाय."

आत्याला समजावं म्हणून पोरीनं सोपं करून सांगितलं. तिथंच चुकलं.

"शिजवून ठेवतंय?" चंपाबाईंचा आवाज बदलला. "कवापास्नंचं?"

"गेम आणल्यापास्नंचं."

दुसऱ्या दिवशी चंपाबाईंनी मष्णूला बोलावून घेतलं.

"यंत्रातलं शिळं काढायचं एक बटन करून दे. आनि दीप्तीला बोलू नगं, घरात शिळं साठलं म्हणून पोरगी जिवाला लावून घील."

मष्णूनं पडद्याच्या कोपऱ्यात, बघणाऱ्याला नक्षी वाटावी असं, केरसुणीचं एवढंसं चित्र काढून दिलं. ते दाबलं, की साठलेली सगळी शेडर साफ. त्या दिवसापासून सूर्य कलला की चंपाबाई हात धुऊन यायच्या, केरसुणी दाबायच्या आणि निवांत जेवायला बसायच्या.

इकडं दीप्तीची गाडी रोज नव्यानं अडखळू लागली. झाड आलं, थांब. पूल आला, थांब. पोरीनं विजेला दोष दिला, वायर बदलली, मष्णूला शिव्या घातल्या. यंत्र तेच तेच पुन्हा शिजवून एवढं तापायचं, की त्याच्या पंख्याच्या वाऱ्यानं शेजारच्या वखारीतली तंबाखू उडाली आणि संकेश्वरचा अख्खा बाजार शिंकत घरी गेला. खोटं वाटत असेल तर संकेश्वरला विचारा.

शर्यतीच्या दिवशी श्रेयांस आपला लॅपटॉप काखेत मारून आला, सोबत वडील गोमटेशअण्णा. दीप्तीनं दिवसभर गेम चालू ठेवून सगळी शेडर साठवून घेतली होती. पाहुण्यांची जेवणं उजेडातच उरकली. दीप्ती पानं उचलायला गेली, तेवढ्यात चंपाबाईंनी, पाहुण्यांसमोर घर स्वच्छ असावं म्हणून, केरसुणी एकदा सोडून दोनदा दाबली.

मी शिट्टी मारली. श्रेयांसची गाडी तेलावरून घसरल्यासारखी निघाली. दीप्तीची पहिल्याच वळणावर आभाळाकडं बघत उभी.

"पळ की गं!" नेमिनाथअण्णा ओरडले. "अगं, म्हस बरी हिच्यापेक्षा!"

शर्यत संपली तेव्हा श्रेयांस पाणी पिऊन बसला होता आणि दीप्ती पुलावर होती. तिचे डोळे भरले. गोमटेशअण्णा मिशीला पीळ देत म्हणाले, "मग व्याही, सामान बांधा पोरीचं."

चंपाबाई श्रेयांसकडं वळल्या. "जावईबापू, तुमची गाडी कुटंच कशी वो अडली न्हाय?"

श्रेयांस फुलून म्हणाला, "आत्या, माझं कॅश मी कधीच काढत नाही. वर्षापूर्वीचंसुद्धा सगळं तसंच ठेवलंय!"

चंपाबाईंनी पदर सावरला.

"नेमू, वर्साचं शिळं ठेवणाऱ्या घरात आपली पोर नांदायची न्हाय."

"अवो बाई, ते अन्न न्हवं!" गोमटेशअण्णा उसळले. "चित्रं हायती ती!"

"शिजवलेलं हाय का न्हाय, तेवडं सांगा."

"शिजवलेलं म्हंजे... तसं बगाय गेलं तर..."

"मग अन्नच. आमच्यात रोज सांजंला काढतोय आमी. इचारा मष्णूला."

दीप्तीनं झटकन आत्याकडं बघितलं. पडद्यावरची केरसुणी, रोजची अडखळ, सगळं तिच्या ध्यानात आलं. ती बोलायला तोंड उघडणार होती, पण वारं कुठल्या बाजूला फिरलंय ते बघून तिनं तोंड मिटलं.

"ऱ्हायाचं तर निपाणीत," चंपाबाई म्हणाल्या, "न्हायतर लगीन ऱ्हायलं."

पंच म्हणून सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. शिळ्याच्या बाबतीत निकाल द्यायचा अधिकार मला नाही, असं सांगून मी पान लावायला घेतलं. श्रेयांसनं दीप्तीकडं एकवार बघितलं.

"येतो मी निपाणीला."

"अरं, तू जिंकलायस की लेका!" गोमटेशअण्णा ओरडले.

"व्हय आप्पा. जिंकूनच येतो."

आता तो निपाणीत नांदतो. त्याच्याही लॅपटॉपवर केरसुणी आहे आणि दिवस मावळायच्या आत ती दाबली जाते. दीप्तीनं मात्र मष्णूला धाक घालून आपलं कॅश केरसुणी पोचणार नाही अशा जागी हलवून घेतलंय. संध्याकाळी दोघांची शर्यत लागते. ती वाऱ्यासारखी सुटते, आणि जावईबापू पहिल्याच वळणावर झाड शिजायची वाट बघत उभे राहतात.

चंपाबाई त्यांच्या पाठीवर मायेनं हात ठेवून सांगतात, "ऱ्हाऊ द्या. आमची पोर ल्हानपनापास्नं ताज्यावर वाडलीया. तुमच्यात अजून टिळकवाडीचं शिळं हाय, उतरंल हळूहळू."