कळशीवरचे नाव

मी एक जुनी पितळी कळशी आहे. मित्रांनो, लातूर वेगळा जिल्हा झाला त्या वर्षी उदगीरच्या एका तांबटाने मला ठोकून घडवले. नागम्माने मला विकत घेतले तेव्हा दुकानदार माणिकप्पांनी विचारले, "नाव काय घालायचं?"

"ऱ्हाऊ द्या कोरीच," ती म्हणाली. देहविक्री करून पोट भरणाऱ्या बायकांच्या गल्लीत ती राहायची. तिथे नाव लपवूनच जगायची सवय होती. माझा मात्र हिरमोड झाला.

पुढे प्लॅस्टिकच्या घागरी आल्या आणि मी माळ्यावर गेले. मग मोठा दुष्काळ पडला, घागरी तडकल्या आणि सगळ्यांना बरी माझी आठवण झाली! चौकात टँकर यायचा. सकाळीच भांडी रांगेत लावून ठेवायची. भांडे जिथे, तिथे त्या माणसाचा नंबर, असा रिवाज होता. आमच्या गल्लीची भांडी मात्र रोज रांगेबाहेर पडायची. पलीकडच्या आळीतल्या शिवम्माने तर मला लाथेने उडवले. पोटाला पोचा आला. टँकरवाला हसून म्हणायचा, "तुमचं पाणी मागून. एकटीनं या." दोन लेकरांची आई तारामती एकदा गेली. भरली घागर घेऊन परतली आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. मला भयंकर संताप आला.

गल्लीतल्या बायकांची संघटना होती. तिची अध्यक्ष लक्ष्मीबाईही याच गल्लीतली. नागम्माच्या खोलीत बैठक बसली. "पाण्याला एकटी कुणीबी जायचं न्हाई," लक्ष्मीबाई म्हणाली. "आन् भांडी नाव घालूनच लावायची. लपून लई झालं."

माणिकप्पांनी माझ्या गळ्याखाली ठळक अक्षरांत कोरले: नागम्मा. दुसऱ्या दिवशी टँकरवाल्याने मला उचलून फेकले. तशा साऱ्या जणी टँकरच्या चाकापुढे बसल्या.

"नाव हाय भांड्यावर. नंबरानं पाणी दे, मग हाल हितून," नागम्मा म्हणाली.

लोक ओरडू लागले. तेवढ्यात शिवम्मा पुढे आली. तिने मला उचलले, आपल्याच लाथेचा पोचा पाहिला, नाव वाचले आणि मला आपल्या घागरीपुढे ठेवले. "माझ्या फुडंच व्हती ही," ती म्हणाली. मी काठोकाठ भरले.

त्याच दिवशी तारामतीने पोलीस ठाण्यात टँकरवाल्याविरुद्ध तक्रार दिली. ती नोंदवून घेईपर्यंत संघटना दारातून हलली नाही. टँकरवर दुसरा माणूस आला.

मित्रांनो, मला चिंचेने घासले नाहीत तरी चालेल, पोचाही राहू द्या. पण कुणाचे भांडे रांगेतून काढायला हात पुढे केलात, तर आधी त्यावरचे नाव वाचा. माझ्यावरचे अजून स्वच्छ वाचता येते.