गरम पाण्याचं सूप

हेडमास्तरांना सगळं येत होतं. निदान कुणी विचारलं तर ते तसंच सांगायचे. म्हणून भाड्यानं भांडी देणाऱ्या दुकानदारानं जेव्हा विचारलं, "मास्तर, ही चाफिंग डिश लावता येते ना?" तेव्हा ते फाडकन म्हणाले, "अहो, आमच्याकडे पाहुण्यांना दुसऱ्या कशात वाढतच नाहीत!"

खरं तर जेवण गरम ठेवणारी ती चकचकीत भांडी त्यांनी लोकांच्या समारंभात लांबूनच बघितलेली. पण आज मुलीच्या लग्नाची बोलणी करायला बँकेचे मॅनेजर सहकुटुंब येणार होते. त्यांच्यापुढे साधी पातेली कशी मांडायची?

घरी आल्यावर कोडं पडलं. स्टँड तीन, बत्त्या तीन आणि भांडी मात्र सहा! तीन उथळ, तीन खोल.

"अरे, दुकानात फोन करून विचार की," त्यांची थोरली बहीण म्हणाली.

"ताई, हसतील लोक!"

यात कुठंतरी गरम पाणी घालतात, एवढं त्यांना आठवत होतं. मग त्यांनी उथळ भांड्यांत भात, भाजी, रस्सा घालून ती थेट बत्तीवर ठेवली. खोल भांड्यांत उकळतं पाणी ओतलं आणि डाव टाकून, वर झाकणं ठेवून ती शेजारी ओळीनं मांडली.

"आणि हे बघा, आज कुणी काही विचारायचं नाही. ताई, तू तर मुळीच नाही. आणि बाळ, तूही नाही!"

मुलगी मान खाली घालून ताटं पुसायला लागली. ती जमीनमोजणीच्या कचेरीत नोकरीला होती. दर तीन वर्षांनी बदली ठरलेली. मॅनेजरांच्या मुलाला तिला एकच विचारायचं होतं, बदली झाली तर बरोबर येशील का? त्यावरच तिचं हो की नाही अडलं होतं. पण बापाचं म्हणणं, मुलीनं असं विचारलं की जुळलेलं मोडतं.

पाहुणे आले. मॅनेजरांनी पहिलंच झाकण उचललं. आत बघितलं. पुन्हा बघितलं. मग वाटीत डावभर घेतलं, मीठ-मिरी भुरभुरली, भुरका मारला.

"वा! फारच हलकं सूप!"

झालं! सगळ्यांनी वाट्या भरल्या. मुलाचा काका म्हणाला, "ही चव परदेशात एकदाच घेतली होती." तो सात वाट्या प्यायला. घामानं त्याच्या पिळदार मिशा सरळ होऊन हनुवटीखाली लोंबायला लागल्या म्हणे!

"घरचीच कृती," हेडमास्तर पुटपुटले.

तेवढ्यात वास सुटला. भाजी करपली, मग भात लागला. धूर एवढा झाला की मॅनेजरांना शेजारी बसलेली बायको दिसेना. तरी काय जळतंय, हे एकही माणूस विचारीना!

शेवटी ताईला राहवेना. तिनं बत्त्या विझवल्या आणि कमरेवर हात ठेवले.

"साहेब, खरं सांगा, सूप कशाचं आहे?"

मॅनेजरांनी वाटी खाली ठेवली. "मला वाटलं, विचारलं तर अडाणी दिसेन."

"आणि आमच्या मास्तरला वाटलं, दुकानात विचारलं तर हा अडाणी दिसेल. दोघे शहाणे, आणि जेवणाचा कोळसा!"

मॅनेजरांच्या बायकोला हसू फुटलं. "अहो, पाण्याचं भांडं बत्तीवर, आणि जेवणाचं त्यावर बसवायचं. वाफेवर गरम राहतं, करपत नाही."

"तुम्हाला ठाऊक होतं?" हेडमास्तर ओरडले.

"होतं की! पण लोकांच्या घरी कसं बोलायचं?"

"बघ!" ताई भावाकडे वळली. "न विचारता भाजी करपली, ती टाकून देऊ. पोरीचं लग्नही न विचारताच लावणार? ते करपलं तर कुठं टाकशील?"

हेडमास्तरांनी कपाळावर हात मारला. रोज वर्गात 'शंका विचारा रे!' म्हणून ओरडणारा मीच ना?

"बाळ," ते हळूच म्हणाले, "काय विचारायचंय ते विचार."

मुलीनं मुलाकडे सरळ बघितलं. "माझी बदली झाली तर बरोबर येशील?"

मॅनेजर चुळबुळले. मुलानं बोटांवर हिशेब केला.

"दोनदा येईन," तो म्हणाला. "तिसऱ्यांदा भांडेन."

"भांड. पण थापा तर मारल्या नाहीस!" ती पहिल्यांदाच मोकळं हसली. "माझं हो आहे."

तर मंडळी, भांडं कसं लावायचं ते दुकानातच विचारा, आणि संसार कसा करायचा ते लग्नाआधी. घरातल्या मुलीला 'गप्प बस' म्हणू नका, तिला आधी विचारू द्या. विचारल्यानं अब्रू जात नाही हो! जाते ती उगाच सगळं येतंय असं दाखवल्यानं.