पितळेचं सोनं

नेमबाजीच्या रेंजवर बार नेहमीसारखा वाजला नाही. फुटका, कर्कश आवाज आला आणि देवदत्तच्या हातातल्या रिव्हॉल्व्हरच्या ठिकऱ्या उडाल्या. एक तुकडा छताच्या पत्र्यात घुसला. देवदत्त आपल्या उजव्या हाताकडे बघत राहिला. अंगठ्याशेजारची दोन बोटं नव्हती.

"श्रीरंग, हे काय झालं यार?" तो म्हणाला आणि मग किंचाळला.

श्रीरंगने स्वतःचा टी-शर्ट काढून त्याच्या पंजाभोवती आवळला. रक्त थांबेना. मित्र लाथा झाडत होता, तरी त्याला गुडघ्याखाली दाबून धरत त्याने मनगटाला पट्टा करकचून बांधला. तेवढ्यात त्याची नजर बाकावरच्या काडतुसांच्या डबीवर गेली. डबीवर त्याच्या बायकोने, रुपालीने, हळदकुंकू लावलेलं होतं. काडतुसं त्याने स्वतः भरली होती.

श्रीरंग अमेरिकेत, कॅरी गावातल्या एका औषध कंपनीत क्वालिटी बघायचा. दिवसभर दुसऱ्यांच्या चुका काढायच्या आणि सुट्टीला गॅरेजमध्ये बसून काडतुसं भरायची. झाडलेल्या पितळी पुंगळ्या घासूनपुसून त्यांत बंदुकीची नवी दारू, वर नवी गोळी. या देशात आपटा कुठला मिळायला! दसऱ्याला तो अंगणातल्या रेडबड झाडाच्या बदामी आकाराच्या पानासोबत नेमबाज मित्राला अशी डबीच द्यायचा. "सोनं घे, सोन्यासारखा राहा." शिकायला येणाऱ्यांना मात्र बजावायचा, "मधेच उठलात तर सगळी दारू ओतून टाका. पहिल्यापासून सुरू करा."

यंदा निम्म्या पुंगळ्यांत दारू भरून झाली होती आणि घरातून रुपालीची हाक आली, "अरे, आरती खोळंबलीये. देवदत्तला निघायचंय!" तो तसाच उठला. टाळ्या वाजवल्या, प्रसाद खाल्ला, परत येऊन बसला. मित्र निघायच्या आत डबी द्यायची होती, म्हणून कुठपर्यंत आलो होतो ते त्याने अंदाजानेच ठरवलं. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण.

हॉस्पिटलमध्ये नैना धावत आली. गुंगीतला नवरा तिला म्हणाला, "गन जुनी होती गं. कुणाची चूक नाही."

मित्राने आयती वाट काढून दिली होती. श्रीरंगला त्या वाटेने जाता येईना.

"गन चांगली होती, नैना. माझंच चुकलं. एका पुंगळीत दोनदा दारू पडली असणार. मी मधेच आरतीला उठलो होतो."

तिने फाडकन त्याच्या तोंडात मारली. मग दुसरी. मग मुठी वळून छातीवर मारत सुटली.

"तबला वाजवतो रे तो! आता कशाने वाजवणार? सांग ना!"

श्रीरंगने हात वर केला नाही. नर्सने तिला ओढून नेलं, तेव्हा त्याला वाटलं, अजून मारायला हवं होतं हिने.

घरी आल्यावर हळद लागलेलं ते काडतुसं भरायचं यंत्र त्याने घणाने ठोकायला घेतलं. बिडाचं यंत्र फुटेना. हाताला फोड आले, फोड फुटले, तरी तो घाव घालतच राहिला. दारात उभी असलेली रुपाली रडत होती. "आरतीला मीच बोलावलं," एवढंच ती पुन्हा पुन्हा म्हणत होती.

पुढच्या दसऱ्याला बेल वाजली. दारात देवदत्त एकटाच होता. नैना गाडीतून उतरली नव्हती.

देवदत्तने खिशातून रेडबडचं पान काढलं. सोनं डाव्या हाताने कसं द्यायचं? उजव्या हाताचा अंगठा आणि अनामिका यांच्या चिमटीत धरून त्याने ते पुढे केलं. पान निसटलं, उंबऱ्यावर पडलं. श्रीरंग घाईने वाकला.

"थांब. मी देतो."

देवदत्त खाली बसला. गुळगुळीत उंबऱ्यावरून पान काही केल्या उचललं जाईना. एकदा आलं, पुन्हा सुटलं.

श्रीरंग हात पुढे करून उभा राहिला.