खादाड मी नव्हे

मी एक बांधी बोलतेय. चारी बाजूंनी बांध घातलेलं, अड्याळच्या शिवारातलं धानाचं शेत. आज गोड बोलायची माझी मुळीच इच्छा नाही. माझा मालक तुलाराम नांगर जुंपून बांधावर उभा आहे, आणि ऐकायचं त्यालाच आहे.

मला घडवलं त्याच्या आजोबांनी, गोमाजींनी. धान कापायच्या आधी, पायाखाली ओल असतानाच, ते उभ्या धानात लाखोळीचं बी फेकत. धान निघालं की लाखोळी वर येई. निळी फुलं, मग शेंगा. घराला डाळ, बैलांना कुटार, आणि तिची मुळं मला जेवू घालून जात. माझ्या भुकेचं तेव्हा कुणी नाव काढलं नाही.

एकोणीसशे सत्तर साल उलटलं. कालव्याचं पाणी आलं, बुटकं नवं धान आलं, त्यामागून युरिया आला. पहिल्याच वर्षी धान असं गर्द हिरवं, काळंभोर झालं की येणारे-जाणारे थांबून पाहू लागले. तिथेच तुलाराम बिघडला. शेजारच्या भैयालालपेक्षा आपली बांधी हिरवी दिसली पाहिजे, एवढंच त्याच्या डोक्यात. घोटाभर पाण्यात, भर उन्हात तो युरियाच्या मुठी उधळू लागला. अरे, ते मुळांपर्यंत पोचतंय कुठे?

त्याची बायको देवकाबाई एकदा म्हणालीसुद्धा, "अजी, खत तं हवेत जाऊन राहिलं. डोळे झोंबून राहिले माहे."

"तुले काय समजते? हे बांधीच खादाड आहे. केवढंबी टाका, गिळूनच राहिली."

खादाड! मी! कारखान्यात तेल जाळून, आभाळात धूर सोडून केलेलं हे खत. त्यातलं माझं अन्न झोंबरा वायू होऊन उडतं, त्यात कोंडलेला कर्बवायूही तू माझ्या पाण्यावरून पुन्हा आभाळातच धाडतोस, आणि आळ माझ्यावर? हा कर्बवायू वर जाऊन नाहीसा होत नाही, बाबा. उद्या तुझ्या नातवांच्या डोक्यावर ऊन होऊन उतरेल. संताप येतो मला.

पुढे लाखोळीच्या जागी उन्हाळी धान आलं, म्हणजे आणखी पोती. लाखोळी गावातूनच गेली. देवकाबाईने मात्र परसात थोडी पेरून दरवर्षी बी जपलं. यंदा दिवाळीनंतर, कुणाला न विचारता, तिने ते सगळं माझ्यात फेकलं. आज मी निळी झालेय. शेंगा अजून धरायच्या आहेत.

आणि हा नांगर घेऊन आलाय!

देवकाबाई बैलांपुढे उभी आहे. "बी धरू द्या जी. घरी एक दाणा नाही ठेवला मी."

"बाजूले हो. उन्हाळी धानाचा रोवणा खोळंबला."

ती हलत नाही. जुंपलेल्या बैलाने मान खाली घातली आणि तोंडभर लाखोळी ओढली. त्याला तरी चव कळतेय.

तुलाराम, इतकी वर्षं तू टाकलंस आणि आभाळाने गिळलं. मी कधी काही मागितलं नाही. आज मागतेय. ही लाखोळी नांगरलीस, तर मला जेवू घालणारं या गावात कुणी उरणार नाही. बैल सोड.