बाळंतखोलीचं कुलूप

निजाम जाऊन दहा-बारा वर्षं झाली होती, तरी आमच्या बाजारगावच्या दवाखान्यात बाळंतखोलीला बाहेरून कुलूप लागायचं. का, तर बायका आत घुसतात म्हणून! घुसणारच. आत पोटची पोर ओरडत असते.

त्या बाजारच्या दिवशी आत गुलबानो होती. पहिलटकरीण.

"अम्मा, पानी!"

लगेच नर्सबाईचा आवाज, "गप पड! नवऱ्यापाशी जाताना ओरडली होतीस का?"

दारापाशी तिची आई कुलसुमबी पाण्याचा तांब्या घेऊन उभी, शेजारी मी. किल्ली कंपाउंडर हिंमतरावांच्या कमरेला.

"बाहेरच्या बाया आत चालत नाहीत. नियम आहे."

"आई बाहेरची व्हय?" मी विचारलं.

"अयोध्याबाई, भाषणं बाजारात जाऊन करा."

बरं. गेले बाजारात.

आमच्याकडं बाळंतपणात बाई अडली की घरातली कुलपं उघडतात, गाठी सोडतात. माझा त्यावर काडीचा विश्वास नाही. पण बाजाराचा होता. मी आडत्यांच्या ओळीत उभी राहून ओरडले, "दवाखान्यात पोर अडलीय! कुलपं काढा!"

आडते महालिंगप्पांनी तिजोरी सताड उघडली आणि तिच्यासमोर ठाण मांडून बसले. "लौकर सुट म्हणावं पोरीला, माझा जीव टांगणीला लागलाय!" कासारणीनं पेटी उघडली. पोत्यांच्या सुतळ्या सुटल्या. कुणी शहाण्यानं शेळ्यांची दावी सोडली, तशा शेळ्या मेथीत शिरल्या. बाजार हसून लोटपोट.

"अजून कशी सुटंना? कुणाचं कुलूप राहिलं?" भाजीवाली कोंडाबाई म्हणाली.

"एकच राहिलंय," मी म्हणाले. "चला दाखवते."

सगळा बाजार दवाखान्याच्या दारात. तिजोरी उघडी टाकून महालिंगप्पासुद्धा. शेळ्यासुद्धा.

"ही अंधश्रद्धा आहे!" हिंमतराव गरजले.

"हाय की! अन् पोरीला कोंडून घातलं की बाळंतपण नीट होतं, ही कंची श्रद्धा?" मी म्हणाले.

कोंडाबाई पुढं सरकली. "हिंमतराव, तुमच्या सुनंला सातवा लागलाय न्हवं? तवा बाजारातलं एक कुलूप आमी उघडणार न्हाय. ध्यानात ठिवा."

हिंमतरावांचा हात आपोआप कमरेला गेला.

दार उघडलं. कुलसुमबी आत, तिच्यामागं मी. गुलबानो घटाघटा पाणी प्याली. आईनं तिला पाठीमागून छातीशी धरलं. नर्सबाई कडाडली, "काही झालं तर जबाबदार कोण?"

"बाई, तुमी बी दोन घोट घ्या," कुलसुमबी म्हणाली. "सकाळधरनं एकट्याच हायसा."

नर्सबाईनं तांब्या घेतला. प्याली. मग गुलबानोच्या कपाळावरचे केस मागं सारत म्हणाली, "हं, आता जोर लाव गं माय."

पोरगी झाली! अशी कोकलली की बाहेर महालिंगप्पांनी तिजोरी बंद करायला धूम ठोकली.

कुलसुमबीनं सगळ्यांना गूळ वाटला. हिंमतरावांच्या हातावर मोठा खडा ठेवला. "सायब, सुनंला हितंच आणा. म्या बसते तिच्यापाशी."

त्यांनी खडा तोंडात टाकला आणि पुटपुटले, "कुलूप कुठाय? सरकारी आहे ते."

दवाखान्यामागच्या विहिरीत. मीच टाकलं. सरकारला हवं असेल तर उतरावं.