करवतीचं जिवंत वजन

लक्ष्मणरावांना एक कपाट हवं होतं. फार मोठं नाही, पाच फळ्यांचं, भिंतीला टेकून उभं राहील एवढंच. भंडाऱ्याच्या एका वाचनालयात जन्मभर लोकांना पुस्तकं काढून देऊन ते निवृत्त झाले आणि आसगावला मुलाकडे राहायला आले, तेव्हा त्यांची स्वतःची पुस्तकंही सोबत आली. ती मागच्या खोलीत जमिनीवर रचून ठेवली होती. सून रिता स्वभावाने वाईट नव्हती. पण दिवाळी उलटली की गावची मंडई, म्हणजे जत्रा होती, मंडईला तिचे आईवडील मुक्कामाला येणार होते आणि त्यांची गादी त्याच खोलीत पडणार होती. मंडईच्या आत पुस्तकं जमिनीवरून उचलली गेली तर ठीक, नाहीतर भंगारवाल्याला बोलावते, असं तिने एकदाच, न चिडता सांगून टाकलं. मुलगा अमर म्हणाला, "बघू." त्या घरात 'बघू' म्हणजे रिताचंच खरं.

म्हणून लक्ष्मणराव इश्वर सुताराकडे निघाले. वाटेत त्यांनी काय बोलायचं ते मनात चार वेळा जुळवलं. पहिल्या खेपेला त्यात कपाटाची उंची, रुंदी, लाकडाची जात सगळं होतं. सुताराच्या छपरीपाशी पोचेपर्यंत त्यातलं "कपाट" एवढंच उरलं होतं, आणि तेही तोंडातून निघालं नाही, कारण इश्वर तेव्हा फार अडचणीत होता.

इश्वरने नागपूरहून नवी मायटर करवत आणली होती. तिचं गोल पातं एका जड डोक्यात बसवलेलं, आणि ते डोकं दोन दांड्यांवरून पुढे-मागे सरकायचं. रुंद फळीसुद्धा एका ओढीत कापून निघे, सरळ म्हणा की तिरपी म्हणा. करवत चांगलीच होती. वांधा होता तो स्टँडचा. कंपनीचं स्टँड न घेता इश्वरने जुन्या शिलाई मशीनच्या लोखंडी पायांवरच तिला बसवलं होतं, आणि डोकं मागे सरकलं की स्टँडचे पुढचे दोन पाय जमिनीवरून उचलले जात. करवत आभाळाकडे बघू लागे.

त्याने उपाय केले नाहीत असं नाही. रेतीचं पोतं ठेवलं, ते फाटलं आणि रेती सरकत्या दांड्यांत शिरली. दगड ठेवले, तर मशीन सुरू झाल्याबरोबर ते थरथरत कडेला आले आणि त्यातला एक त्याच्या अंगठ्यावर उतरला. पाय जमिनीत पक्के बोल्टने आवळावे म्हटलं, तर आई चंद्रभागाबाई आडवी आली. मंडईसाठी तिने छपरी शेणाने नुकती सारवली होती, आणि सारवलेल्या भुईला भोक पाडणाऱ्याला ती जेवायला वाढणार नव्हती.

मग इश्वरला उमगलं की ही तर साधी उलार बंडी आहे. बैलबंडीत मागे भार जास्त झाला, बैलांच्या मानेवरचं जू वर उचललं गेलं, की बंडी उलार झाली म्हणतात. तेव्हा बंडीवर कुणी दगड ठेवत नाही. माणसाला म्हणतात, पुढं सरकून बस. माणूस जिवंत असतो, बंडी जिकडे झुकेल त्याच्या उलट बाजूला तो आपसूक झुकतो. म्हणून त्याने स्टँडच्या खालच्या पट्टीला पुढच्या बाजूने एक फळी आवळली आणि शेजारच्या चिंधूला तिच्यावर बसवलं. पण चिंधू सतत तंबाखू-सुपारीचा खर्रा तळहातावर घोटत होता. त्याच्या हाताच्या घोटण्याबरोबर करवतही डुलायची. त्या दिवशी कापलेल्या चौकटीने गावातल्या निर्मलाबाईंच्या घरचं दार जे बिघडलं, ते पुन्हा बंद राहीना.

"काकाजी, बरं झालं तुमी आले," इश्वर लक्ष्मणरावांना म्हणाला. "दोन मिनटं बसता का जी इथं?"

हा पाहुणचार असावा असं लक्ष्मणरावांना वाटलं. ते फळीवर बसले, खिशातून छोटं पुस्तक काढलं आणि वाचू लागले. डोक्यावर करवत किंचाळली, अंगावर भुसा पडला. त्यांनी पान उलटलं. इश्वरने कापलेल्या लाकडाला कोन तपासायचा गुण्या लावून पाहिला, मग लाकूड उलटून पुन्हा लावून पाहिला. असा काटकोन त्याने हाताने काय, मशीननेही कधी काढला नव्हता.

दुसऱ्या दिवशी त्याने चहाला म्हणून बोलावलं, तिसऱ्या दिवशी नुसतंच बोलावलं. आठवड्याभरात लक्ष्मणराव सकाळी जेवून छत्री घेऊन निघू लागले, कारण भुसा फार पडे. फळीवर छत्री उघडून, पुस्तक गुडघ्यावर ठेवून ते बसत आणि दिवस मावळला की घरी येत. मंडईच्या तोंडावर साऱ्या गावाला दारं-खिडक्या नव्या करायच्या होत्या. लोक चौकट सांगायला येत आणि आधी विचारत, काकाजी बसणार आहेत का? काकाजी बसणार नसतील तर आम्हाला घाई नाही. पार बपेऱ्याहून धर्मेंद्र नावाचा सुतार आला. त्याच्याकडे अशीच करवत होती आणि अशीच उलार होत होती. त्याला लक्ष्मणराव दोन दिवसांसाठी हवे होते. इश्वर म्हणाला, "मायटर ने बाबा, रंधा ने. काकाजी नाई भेटणार." मग दोघांनी लक्ष्मणरावांच्या देखतच त्यांच्याबद्दल खूप वेळ चर्चा केली. ते किती वजनाचे आहेत, पावसात फुगतात का, वगैरे. लक्ष्मणरावांनी पुस्तकातून मान वर केली नाही. त्यांना लाज वाटली, आणि थोडं बरंही वाटलं. वाचनालयात इतकी वर्षं काढली, पण त्यांच्यासाठी तालुक्याबाहेरून कुणी कधी आलं नव्हतं.

चंद्रभागाबाईंनी त्यांचा एकादशीचा उपास बंद पाडला. उपासाने वजन उतरतं आणि चौकट तिरपी होते, असं तिचं म्हणणं. दसऱ्याला तिने करवतीला हळदकुंकू लावलं, रंध्याला लावलं, पटाशीला लावलं, आणि ताट घेऊन लक्ष्मणरावांसमोर येऊन उभी राहिली. ते ओशाळून मागे सरकले.

"सरकता कायले?" ती म्हणाली. "अवजारं सरकत नाईत." तिने त्यांच्या कपाळाला कुंकू लावलं, हातात आपट्याचं पान दिलं आणि बजावलं, "आज अवजाराले आराम असते. आज कोठीच बसाचं नाई."

लक्ष्मणराव घरी आले आणि दिवसभर उभे राहिले. जेवायलाही त्यांनी उभ्यानेच ताट घेतलं. रिताने काहून म्हणून विचारलं, तेव्हा ते म्हणाले, "आज आराम आहे."

कपाटाचा विषय त्यांनी काढला नाही असं नाही. एकदा धीर करून काढला होता. इश्वर म्हणाला, "तुमचं त घरचंच काम हाय काकाजी. पयले बाहेरच्या लोकायले मोकळं करू द्या." हे ऐकून लक्ष्मणरावांना इतकं आपुलकीचं वाटलं की पुन्हा विचारणं त्यांना कृतघ्नपणाचं वाटू लागलं. अशा रीतीने दिवाळी आली आणि गेली. मंडई दोन दिवसांवर असताना रिताने जेवण वाढता वाढता सांगितलं की भंगारवाला उद्या येतो आहे.

सकाळी लक्ष्मणराव छपरीत गेले आणि बसले नाहीत. त्यांना बोलायचं होतं, पण ते फळीशेजारी नुसते उभे राहिले, मिटलेली छत्री काखेत धरून. इश्वरने दोनदा पाहिलं. तिसऱ्यांदा त्याने हातातली कुणाची तरी चौकट खाली ठेवली आणि कोपऱ्यातल्या सागाच्या फळ्या ओढल्या.

"बसा," तो म्हणाला. "आज तुमचंच करतो."

लक्ष्मणराव बसले. पुस्तक उघडलं, पण अक्षरं डोळ्यांत उतरेनात. डोक्यावर कापली जात होती ती त्यांची फळी होती. ती किती लांब झाली, कुठून कापतो आहे, हे पाहण्यासाठी मान आपोआप वळे. मान वळली की बुडाखालची फळी कलायची, फळी कलली की स्टँड, आणि स्टँड कललं की काप. इश्वरने गुण्या लावला आणि तोंड वाकडं केलं. पुन्हा कापलं, पुन्हा वाकडं. लक्ष्मणरावांनी डोळे मिटून पाहिले, तर मान आवाजाच्या दिशेने वळू लागली. प्रत्येक चुकलेल्या कापाबरोबर सागाची फळी बोटभर आखूड होत होती. असंच चाललं असतं तर दुपारपर्यंत कपाटाचा चौरंग झाला असता.

इश्वरने करवत बंद केली. "काकाजी, तुमाले कापाची काळजी वाटून राहिली. वजनाले काळजी नसाव लागते."

"मी प्रयत्न करतो आहे," लक्ष्मणराव म्हणाले.

"थोच त वांधा हाय."

चिंधूला बोलवावं का यावर विचार चालला असताना रस्त्यावरून हातगाडीचा खडखडाट आला. पुढे भंगारवाला, मागे रिता. गाडीवर धानाच्या दोन मोठ्या पोत्यांत भरलेली पुस्तकं, पोत्यांची तोंडं सुतळीने शिवलेली. रिता छपरीशी थांबली. मामाजींना, म्हणजे सासऱ्यांना, यातलं एखादं पुस्तक हवं असेल तर त्यांनी काढून घ्यावं, नंतर बोल नको, असं म्हणाली. एखादं कोणतं, हे लक्ष्मणरावांना ठरवता येईना. ते नुसते पोत्यांकडे पाहत राहिले.

इश्वरही पोत्यांकडेच पाहत होता. त्याने एक पोतं हाताने दाबून पाहिलं, खांद्यावर घेतलं, लक्ष्मणरावांना हाताला धरून उठवलं आणि त्यांच्या जागी ठेवलं. मग दुसरं ठेवलं. भंगारवाला ओरडू लागला तर चंद्रभागाबाईंनी त्याच्यापुढे चिवड्याची ताटली सरकवली. इश्वरने करवत सुरू केली. डोकं मागे गेलं आणि स्टँड उठलं नाही. पुस्तकं दगडासारखी सरकत नव्हती, रेतीसारखी सांडत नव्हती, फळीवर अंग टाकून पडून होती. गुण्या लावला, काटकोन चोख. भंगारवाल्याची दुसरी ताटली संपेपर्यंत पाचही फळ्या आणि बाजू कापून झाल्या, आणि ऊन कललं तेव्हा कपाट छपरीत उभं होतं. रिताने त्याला हात लावून पाहिला. मग भंगारवाल्याला म्हणाली, गाडी घराकडे वळव, पोती परत न्यायची आहेत, कपाटही न्यायचं आहे.

"पोती राहू द्या जी," इश्वर म्हणाला. त्याचा चेहरा उजळला होता. "जिवंत वजनापेक्षा हे बेस हाय. याले चहा नाई, उपास नाई, मान वळवत नाई. काकाजी, उद्यापासून तुमाले सुट्टी. कपाट न्या घरी."

हेच तर हवं होतं आपल्याला, असं लक्ष्मणरावांनी मनाशी जुळवून पाहिलं. रिकामं कपाट घरी, भरलेली पोती इथे, आणि ते स्वतः कुठे, हे मात्र त्यांच्याने जुळेना. मग ते खाली वाकले, पहिलं पोतं दोन्ही हातांनी ओढून फळीवरून खाली घेतलं, दुसरं घेतलं, आणि मोकळ्या जागेवर बसले.

"नाही इश्वर," ते म्हणाले. आवाज नेहमीसारखाच हळू होता, पण छपरीतल्या सगळ्यांना ऐकू गेला. "पुस्तकं कपाटात जातील. वजन मी आहे."

चंद्रभागाबाईंनी मुलाकडे असं पाहिलं की त्याने निमूटपणे पोती गाडीवर चढवली. कपाट आडवं करून वर बांधलं. मग अर्धवट राहिलेली ती कुणाची तरी चौकट उचलून त्याने करवतीखाली लावली, कारण मंडई काही कुणासाठी थांबणार नव्हती.

गाडी थोडी पुढे जाऊन थांबली. रिताने मागे वळून विचारलं, "मामाजी, कोण्या फळीवर कोणती लावाची? मले नाई समजत."

हे सांगण्यासाठी लक्ष्मणरावांच्या जवळ जन्मभराचं उत्तर होतं. त्यांना उठून तिच्याबरोबर जावंसं वाटलं. पण ते उठले की करवत उलार होणार, आणि तिचं डोकं तेव्हा मागे होतं.